किचन चिमणीची सफाई: जाळीपासून डक्टच्या टोकापर्यंत

चिमणी साफ करायची म्हटलं की बहुतेक घरांत जाळ्या काढून धुतल्या जातात आणि काम संपतं. पण फोडणीतून उडालेलं सगळं तेल जाळीत अडकत नाही. काही पुढे जाऊन ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, पात्यांवर आणि धूर बाहेर नेणाऱ्या डक्ट पाइपात बसतं. तिथे साचलेल्या तेलाने चिमणीची ओढ कमी होते, आवाज वाढतो आणि आग लागण्याचा धोकाही तयार होतो. म्हणून ही सफाई पूर्ण करायची तर जाळीच्या मागेही बघायला हवं.

सुरुवात तपासणीने करा. शेगडी बंद ठेवून चिमणी सर्वांत जास्त वेगावर चालवा आणि वर्तमानपत्राचं पान जाळीजवळ धरा. पान चिकटून राहिलं तर ओढ ठीक आहे. गळून पडलं तर ते लक्षात ठेवा, जाळ्या धुतल्यावर हीच चाचणी पुन्हा करायची आहे.

आता चिमणीचं मुख्य बटण बंद करून प्लग काढा. नुसतं पुढचं बटण बंद करणं पुरेसं नाही. शेगडीवर जुनं कापड किंवा वर्तमानपत्रं पसरा, कारण जाळी काढताना तेल गळतंच. तेलाची वाटी असेल तर ती आधी काढून रिकामी करा. ते तेल मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाका.

जाळी कोणत्या धातूची आहे हे धुण्याआधी नक्की बघा. बॅफल फिल्टर, म्हणजे वळवलेल्या पट्ट्यांचा, सहसा स्टीलचा असतो. बारीक विणीची हलकी जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. बाजारात स्वस्तात मिळणारा कॉस्टिक सोडा अनेक जण वापरतात, पण तो ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून पेट घेणारा हायड्रोजन वायू निघतो. जाळी काळी पडते, झिजते. स्टीलला तो तितका बाधत नाही, पण गरम पाण्यात टाकताना उडालेला थेंब डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेतू शकतं. घरच्या सफाईत तो नकोच. संडास साफ करायचं ॲसिडही नको, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

याची गरजही नसते. मोठ्या टबात कडकडीत गरम पाणी घ्या, भांड्यांचं लिक्विड भरपूर घाला, स्टीलची जाळी असेल तर दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा टाका आणि अर्धा तास भिजू द्या. पाणी गार झालं की बदला. बरेच जण इथेच घाई करतात आणि मग तारेच्या चोथ्याने घासत बसतात. तेल सुटतं ते उष्णतेने आणि साबणाने, जोर लावून नाही. मऊ ब्रशने पट्ट्यांच्या आतले कोपरे घासा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि जाळी पूर्ण वाळल्यावरच बसवा. रोज फोडणी-तळण होणाऱ्या घरात बॅफल फिल्टर महिन्यातून एकदा धुवावा, बारीक जाळी पंधरा दिवसांनी. दिवाळीच्या आधी सफाई करायची आपली रीत आहे, पण चकल्या-शेव-करंज्यांचं तळण त्यानंतर होतं. चिमणीपुरती सफाई फराळ झाल्यावर करा.

डक्ट नसलेल्या, हवा गाळून परत घरातच सोडणाऱ्या चिमणीत कोळशाचा फिल्टर असतो. तो धुऊन चालत नाही. कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावाच लागतो.

जाळी काढलेली असताना आतली पोकळी ओल्या, पिळलेल्या कापडाने पुसा. वर पाणी किंवा स्प्रे मारू नका, मोटर आणि वायरिंग तिथेच आहे.

‘ऑटो क्लीन’ चिमणी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अशा बऱ्याच चिमण्यांमध्ये ब्लोअरजवळचं तेल तापवून पातळ केलं जातं आणि ते वाटीत उतरतं. डक्ट तसाच राहतो, आणि वाटी तुम्हालाच रिकामी करावी लागते.

वाळलेल्या जाळ्या बसवून कागदाची चाचणी पुन्हा करा. पान अजूनही गळत असेल तर आधी खिडकी थोडी उघडून बघा. बंद स्वयंपाकघरात चिमणीला ओढायला हवाच मिळत नाही. मग बाहेरून डक्टचं टोक पाहा. चिमणी चालू असताना तिथल्या पट्ट्या उघडतात का? शहरांत कबुतरं तिथे काड्या भरून ठेवतात. डक्ट चेपला आहे का, त्याला फार वळणं आहेत का, तेही बघा. प्रत्येक वळणाने ओढ कमी होते आणि घड्यांच्या लवचीक पाइपात तेल जास्त साचतं. घरात गॅस गीझर असेल तर त्याचा धूर जाणारा पाइप चिमणीच्या डक्टला कधीही जोडू नका. दारं-खिडक्या बंद असताना जोरदार चिमणी गीझरचा विषारी धूर घरात ओढूही शकते.

ब्लोअर आणि डक्ट उघडण्याचं काम टेक्निशियनकडून वर्षातून एकदा तरी करून घ्या. डक्ट सोडवून आतून दाखवा, असं आधीच सांगा. बाहेरून चकाचक करून जाणाऱ्या सर्व्हिसिंगला काही अर्थ नाही.

रोजच्या सवयींनी बरंच काम वाचतं. चिमणी फोडणी देण्याआधी लावा आणि गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. भरताचं वांगं भाजताना ज्योत मोठी करू नका. तेलकट जाळीला ती सहज पोहोचते.

कढईने पेट घेतलाच तर गॅस बंद करा आणि चिमणीही लगेच बंद करा, नाहीतर ती ज्वाळा डक्टमध्ये ओढते. पाणी ओतू नका. जवळ जाता येत असेल तर झाकण टाका. आग चिमणीत शिरलेली दिसली तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. नंतर डक्ट उघडून तपासल्याशिवाय ती चिमणी पुन्हा लावू नका.