अमेरिकेचं फॅमिली ग्रीनकार्ड: नाशिकचे कागद आधी जुळवा

अर्ज अमेरिकेतला नातेवाईक भरतो, पण तो अडकतो बहुधा इकडच्या कागदांवर.

आधी नातं तपासा. मुलगा किंवा मुलगी अमेरिकी नागरिक असेल आणि वयाची 21 वर्षं पूर्ण असतील, तरच आई-वडिलांसाठी आय-130, म्हणजे नातेवाईकाला बोलावण्याचा अर्ज, भरता येतो. नुसत्या ग्रीनकार्डावर आई-वडील किंवा भावंडं बोलावता येत नाहीत. आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. त्यात धाकट्या बहिणीला जोडता येत नाही. तिच्यासाठी एफ-4 या भावंडांच्या गटात स्वतंत्र अर्ज लागतो आणि भारतीयांची ती रांग पंधरा वर्षांहून लांब आहे. नंबर अर्ज दाखल झालेल्या तारखेपासून लागतो, त्यामुळे विचार करण्यात वर्ष घालवू नका.

आता जन्मदाखला. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्याआधी निफाड-सिन्नरच्या खेड्यात जन्मलेल्यांची नोंद बऱ्याचदा सापडतच नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीकडून किंवा महापालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्या. त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. नोंद नसल्याचा दाखला न जोडता नुसती प्रतिज्ञापत्रं पाठवली, की तिकडून पुरावा मागणारं पत्र येतं आणि काही महिने जातात. दुसरी भानगड 1 जूनची. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली ती तारीख पासपोर्टवरही असते आणि जुन्या नोंदीत भलतीच निघते. फरक लपवू नका, प्रतिज्ञापत्रात कारण लिहा.

आईच्या नावाचं तर विचारूच नका. माहेरची ‘सुमन’ सासरी ‘सुनीता’ झालेली असते, आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर ती, आणि ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र, हे तिन्ही एकत्र ठेवा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर पूर्ण हवं, शिक्क्यावरच्या मजकुरासकट. भाषांतर अचूक आणि पूर्ण आहे व दोन्ही भाषा आपल्याला येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. यूएससीआयएसला, म्हणजे हे अर्ज तपासणाऱ्या अमेरिकी इमिग्रेशन खात्याला, त्यावर नोटरी लागत नाही.

मंजुरीनंतर इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज डीएस-260 आणि आर्थिक हमीचा आय-864. सर्वसाधारणपणे हमीदाराचं उत्पन्न अमेरिकेच्या दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के तरी हवं. कमी पडलं तर दुसरा सहहमीदार चालतो. पोलिस क्लिअरन्स पासपोर्ट सेवेतून मिळतं. मेडिकल मात्र वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. आपल्या फॅमिली डॉक्टरचा दाखला चालत नाही. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात असेल, तर कसारा घाटाच्या भरवशावर त्याच पहाटे निघू नका.

दरम्यान नातवंडांना भेटायला व्हिजिटर व्हिसा मागितलात, तर ‘तुमच्यासाठी इमिग्रंट अर्ज झाला आहे का’ या प्रश्नाला खरं तेच उत्तर द्या. खरं सांगितल्यावर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. खोटं पकडलं गेलं, तर दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. ‘नाही लिहा, कोण बघतंय’ म्हणणाऱ्या एजंटाला नमस्कार करून बाहेर पडा.

डिफर्ड ॲक्शनबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. त्यातला डाका म्हणजे लहानपणी अमेरिकेत गेलेल्या, कायदेशीर दर्जा नसलेल्यांची हद्दपारी तात्पुरती थांबवणारी सवलत. तो व्हिसा नाही आणि नाशिकमधून मागता येत नाही. 15 जून 2012 ला वय 31 च्या आत, 16 व्या वाढदिवसाआधी अमेरिकेत प्रवेश आणि 15 जून 2007 पासून सलग वास्तव्य, या त्याच्या मुख्य अटी. त्या 2012 च्या दिवशी कायदेशीर दर्जाही नसावा लागतो, म्हणून तेव्हा एच-4 वर, म्हणजे नोकरीच्या एच-1बी व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असलेली आपली बरीच मुलं यात बसतच नाहीत. 2021 च्या न्यायालयीन आदेशानंतर नवे अर्ज स्वीकारले तरी मंजूर होईनात. जुन्यांचं दोन-दोन वर्षांचं नूतनीकरण चालू राहिलं. कोर्टात हे हलत असतं, म्हणून पैसे भरण्याआधी यूएससीआयएसचं संकेतस्थळ वाचा. नूतनीकरण मुदत संपण्याआधी 120 ते 150 दिवसांत टाकावं. आणि तिकडचा भाचा आजीला भेटायला नाशिकला येणार असेल, तर ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परतण्याची आगाऊ परवानगी, हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये: तो न घेता देश सोडला की डाका संपतो, आणि आधीचं बेकायदा वास्तव्य वर्षभराचं असेल तर परतीवर दहा वर्षांची बंदी लागू शकते.