मत्तय वाचायचाय? मग जुना करार शेजारी उघडा ठेवा

नवा करार उघडला की पहिलं पुस्तक मत्तयाचं, म्हणजे येशूच्या जीवनाची मत्तयाच्या नावाने आलेली कथा, आणि त्याच्या पहिल्याच पानावर नावांची ही भलीमोठी रांग. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला... आमच्या अभ्यासगटात नवीन आलेला माणूस इथे दोन ओळींत दम टाकतो आणि थेट येशूच्या जन्मावर उडी मारतो. मी ती मारू देत नाही. खडूस म्हणतात मला, म्हणोत बापडे.

आधी तयारी. नुसता नवा करार पुरत नाही, संपूर्ण बायबल हवं, आणि समासात संदर्भ छापलेली आवृत्ती मिळाली तर फारच उत्तम. खुणेच्या दोन फिती घ्या, एक मत्तयात, एक जुन्या करारात. पेन्सिल हवीच, पेन नको, कारण मतं बदलतात. एका बैठकीत एक अध्याय भरपूर झाला. पाचव्या अध्यायाला मात्र घाई करू नका, तिथे सात-आठ ओळींतच संध्याकाळ संपते.

एवढी पार्श्वभूमी डोक्यात असू द्या: बहुतेक अभ्यासक हे पुस्तक इ.स. ८० ते ९० च्या सुमाराचं मानतात. भाषा ग्रीक. लेखकाने स्वतःचं नाव कुठेच दिलेलं नाही, मत्तयाचं नाव परंपरेने आलं. रोमनांनी इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर पाडलं होतं. मंदिर नाही, यज्ञ नाहीत, तर मोशेकडून आलेलं देवाचं नियमशास्त्र पाळायचं म्हणजे नक्की करायचं काय? परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ; त्यांच्या वळणाचे रब्बी, म्हणजे यहूदी धर्मशिक्षक, याचं एक उत्तर देत होते, मत्तयाची मंडळी दुसरं. दोन्ही बाजू यहूदी, दोघांचा ग्रंथ एकच. पुस्तकातला कडवटपणा बऱ्याच अंशी या भाऊबंदकीतला आहे. हे विसरून वाचलं की सगळं वाकडं दिसायला लागतं.

आता वंशावळ. त्यातल्या बायका पेन्सिलीने अधोरेखित करा: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. शेवटी मरीया. राहाब कनानी, रूथ मवाबी. पुढे 'सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा' हा आदेश येणार आहे, त्याची पेरणी इथेच झाली आहे. मग दुसरी फीत १ इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात घाला आणि राजांची नावं ताडून पाहा. मत्तय योरामावरून उज्जीयावर येतो आणि मधले तीन राजे गाळतो. कारण त्याला चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट हवे आहेत. हिब्रू अक्षरांना अंकांचं मूल्य असतं. दावीद या नावात दालेत, वाव, दालेत, म्हणजे ४ अधिक ६ अधिक ४. बेरीज चौदा. आकडा बहुधा तिथूनच आला. इतिहासाची वही म्हणून वाचाल तर हा माणूस चुकलेला वाटेल, पण तो येशू हा 'दावीद राजाचा पुत्र' आहे हे आकड्यांतून ठसवतो आहे.

यानंतरची सवय सगळ्यांत महत्त्वाची. 'संदेष्ट्याच्या द्वारे जे सांगितले होते ते पूर्ण व्हावे म्हणून' अशा अर्थाचं वाक्य आलं की थांबायचं. उद्धृत ओळ जिथली आहे तिथे जायचं आणि तो अख्खा अध्याय वाचायचा, एक ओळ नाही. उदाहरणार्थ २:१५ (अध्याय २, वचन १५), 'मी आपल्या पुत्राला मिसर देशातून बोलावले.' जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय ११ उघडा. तिथला 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र, आणि बोलणं चाललंय घडून गेलेल्या गोष्टीचं. ते भाकीत नाहीच. हे पाहून गटात कोणीतरी हमखास म्हणतं, 'मग मत्तयाने ओढूनताणून लावलं की!' त्यांना मी पुढचे दोन अध्याय वाचायला लावते. येशू मिसरातून येतो, पाण्यातून जातो, अरण्यात चाळीस दिवस राहतो. इस्राएल चाळीस वर्षं राहिलं होतं. सैतानाला तो तीन उत्तरं देतो, तिन्ही अनुवाद ग्रंथातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायातली, म्हणजे त्याच अरण्यातल्या धड्यांची उजळणी. मग तो डोंगरावर चढतो. डोंगरावर नियमशास्त्र घेणाऱ्या मोशेला ओळखणाऱ्या वाचकाला आणखी सांगावं लागत नाही.

होशेयाचंच दुसरं एक वचन मत्तय दोनदा आणतो, ९:१३ आणि १२:७: 'मला दया पाहिजे, यज्ञ नको.' या दोन जागा एकमेकींसमोर लिहून ठेवा. एकदा जकातदारांच्या पंगतीत, एकदा शब्बाथाच्या, म्हणजे यहूद्यांच्या साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाच्या, वादात. रब्बींच्या परंपरेत एक कथा आहे. पडलेलं मंदिर पाहून रब्बी यहोशुवा हळहळतो, तेव्हा योहानान बेन झक्काय त्याला म्हणतो, प्रायश्चित्ताचा तितकाच मोलाचा दुसरा मार्ग आपल्यापाशी आहे, दयेची कृत्यं. आणि तो हेच वचन सांगतो. वाद घालणारे दोन्ही पक्ष एकाच ओळीला धरून उभे आहेत.

पाचव्या अध्यायात शिरताना १७ वं वचन आधी मोठ्याने वाचा: मी नियमशास्त्र रद्द करायला आलो नाही. त्यानंतर 'असे सांगितले होते हे तुम्ही ऐकले आहे, पण मी तुम्हांस सांगतो' ही सहा वळणं येतात. जुनं कठोर, नवं प्रेमळ, अशी सोपी वाटणी करायचा मोह इथे होतो. तो टाळायला गालावरच्या चपराकीचं वचन जवळून पाहा. ५:३९ मध्ये 'उजव्या गालावर' आहे. लूकाच्या शुभवर्तमानात नुसता गाल. समोरच्याने उजव्या हाताने मारलं तर चपराक डाव्या गालावर बसते. उजव्यावर बसायची तर उलट्या हाताची हवी. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे रब्बींच्या नियमांच्या संग्रहात, बाबा कम्मा या प्रकरणात याचा चक्क दर आहे: चपराकीला २०० झूझ (चांदीची नाणी) भरपाई, उलट्या हाताच्या चपराकीला ४००. मार तोच, अपमान दुप्पट. त्याच प्रकरणात 'डोळ्याबद्दल डोळा' याचा अर्थही नुकसानभरपाई असाच लावलेला आहे: इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अपमान. हे शेजारी ठेवलं की, मला वाटतं, येशू रानटी कायदा मोडत नाहीये. हक्काने मागता येईल ती भरपाईसुद्धा सोडून दे, असं सांगतोय. हे जास्त अवघड आहे.

५:४३ ला गटाला मी एक काम देते: 'आपल्या वैऱ्याचा द्वेष कर' ही आज्ञा जुन्या करारात शोधून आणा. मिळत नाही. लेवीय १९:१८ मध्ये शेजाऱ्यावरची प्रीती आहे, ३४ व्या वचनात परक्यावरचीही. निर्गम २३ मध्ये तर शत्रूचा बैल भरकटलेला दिसला तर त्याच्याकडे परत नेऊन दे, असं आहे. द्वेषाची भाषा सापडते ती मृत समुद्राकाठी कुमरानला सापडलेल्या प्राचीन यहूदी गुंडाळ्यांत, प्रकाशाच्या पुत्रांवर प्रीती आणि अंधाराच्या पुत्रांचा द्वेष. म्हणजे रोख मोशेवर असायचं कारण नाही.

घटस्फोटाचा प्रश्न चटकन उरकता येतो. १९:३ मध्ये 'कोणत्याही कारणावरून' हे शब्द आहेत, मार्काच्या शुभवर्तमानात नाहीत. हा हिल्लेल आणि शम्माय या दोन यहूदी धर्मशिक्षकांच्या पंथांतला गाजलेला वाद होता. हिल्लेलचे अनुयायी जेवण करपलं तरी चालेल म्हणत, शम्मायचे फक्त व्यभिचारावर. मत्तयातलं उत्तर शम्मायच्या जवळचं आहे.

मार्काशी तुलना आणखी दोन ठिकाणी कराच. हात धुण्याच्या वादात मार्क (७:३-४) यहूदी रीत समजावून सांगतो, मत्तय (१५:२) सांगत नाही, त्याच्या वाचकांना ती ठाऊक आहे. पळून जाण्याचा प्रसंग 'हिवाळ्यात येऊ नये म्हणून प्रार्थना करा' असं मार्क म्हणतो. मत्तय (२४:२०) त्यात शब्बाथ जोडतो. शब्बाथाची काळजी कोण करतं? जो तो पाळतो तोच.

तेविसावा अध्याय वाचताना 'परूशी म्हणजे ढोंगी' हे समीकरण दाराबाहेर ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वचनात येशू म्हणतो, ते मोशेच्या आसनावर बसले आहेत (म्हणजे नियमशास्त्र शिकवायचा अधिकार त्यांचा), ते सांगतील ते पाळा, ते करतात तसं करू नका. २३ व्या वचनात पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश (दहावा हिस्सा) देऊन न्याय, दया आणि विश्वास सोडल्याबद्दल फटकारतो, पण दशमांश देऊ नका असं म्हणत नाही. शेजारी मीखा ६:८ ठेवा. संदेष्टे आपल्याच लोकांना असंच झोडपत आले होते.

२७:२५, 'त्याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो', गटात वाचताना मी संदर्भाशिवाय पुढे जात नाही. या ओळीच्या आधाराने शतकानुशतकं यहूद्यांचा छळ झाला. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या किंवा आजच्या यहूद्यांवर टाकता येणार नाही, असं कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत १९६५ मध्ये स्पष्ट लिहिलं. येशूचे शिष्यही यहूदी होते, हे त्या वेळी एकदा बोलून दाखवावं.

मत्तय संपला की पुढे याकोबाचं पत्र घ्या. पाचच अध्याय आहेत. २:८, ५:४ आणि ५:१२ वर खुणा करा आणि लेवीय १९ मधली फीत काढू नका, ती लागेल.