प्लॉट घेण्याआधी झोन दाखला काढा

सिन्नर, इगतपुरी, ओझरकडे प्लॉट बघताय? इसार देण्याआधी गट नंबर घेऊन झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी राखलीय ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास आराखड्याचा त्या भागाचा उतारा) काढा. पालिकेच्या हद्दीत असाल तर हे तिथल्या नगररचना विभागात मिळतं, बाहेर असाल तर नगररचनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. एजंट ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणतो तेव्हा तो सातबाऱ्याबद्दल बोलत असतो. सातबाऱ्यावर मालकी दिसते, पण आरक्षण किंवा विकास आराखड्यातला रस्ता दिसत नाही. भाग नकाशावर तो रस्ता प्लॉटच्या कोपऱ्यातून गेलेला असू शकतो, आणि मग घर कुठे बसवणार?

दुसरं म्हणजे भूमी अभिलेखची मोजणी. ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, हातात आल्याशिवाय आर्किटेक्टला नकाशा काढायला लावू नका. जागेवरचं कुंपण आणि नकाशातली हद्द जुळली नाही, तर सामासिक अंतरं (हद्दीपासून घरापर्यंत सोडायची मोकळी जागा) चुकतात आणि फाईल परत येते.

बांधकाम परवाना मिळाला की तारीख लिहून ठेवा. तो 1 वर्ष चालतो, तोवर काम सुरू झालं नसेल तर संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. जोत्यापर्यंत काम आलं की जोते तपासणी करून घ्या. भोगवटा दाखल्याच्या (घर राहायला वापरण्याच्या परवानगीच्या) वेळी तीच मागतात.