तरंग समीकरणाची उकल दोलायमान आहे का? या चुका टाळा

दोलन म्हणजे हलणे, असे धरून बसलात की हायपरबोलिक समीकरणांत (तरंग समीकरण ज्या गटात मोडते त्यांत) पहिल्याच प्रश्नाला घोळ होतो. इथली व्याख्या हालचालीबद्दल बोलतच नाही. कितीही उशिराची वेळ घ्या, त्यानंतरही क्षेत्राच्या आत कुठे ना कुठे उकल शून्य होत असेल, तर ती दोलायमान. यातला ‘आत’ विसरू नका. खिळलेल्या दोरीच्या टोकांना शून्य असतेच. तेही मोजले तर सगळ्याच उकली दोलायमान ठरतील.

दोरी ० ते π, दोन्ही टोके खिळलेली, तरंगवेग १, अवमंदनाचे (हालचाल विरवणारे) पद दोरीच्या बिंदूच्या वेगाच्या २क पट. क्ष म्हणजे दोरीवरची जागा, ट म्हणजे वेळ. उकलीला साइन क्ष ने गुणून दोरीभर संकलन करा; त्या संकलनाला स म्हणू. मग उरते स″ + २क स′ + स = ० (′ म्हणजे वेळेनुसार विकलन). क हा ० ते १ च्या दरम्यान असेल तर स चिन्ह बदलत राहतो; साइन क्ष आत धनच असतो, म्हणून उकल आत कायम धन किंवा कायम ऋण राहूच शकत नाही. आलेख विरत जातो हे खरे, पण विरणे वेगळे आणि दोलन थांबणे वेगळे.

क = १ पासून पुढे मात्र साइन क्ष च्या आकाराची, आत कधीच शून्य न होणारी उकल मिळते. इथे घाईने ‘म्हणजे आता एकही उकल दोलायमान नाही’ असे लिहू नका. क = २ ठेवून ई^(−२ट) साइन २क्ष तपासा: काळात एकदाही झोका नाही, तरी दोरीच्या मध्यावर सदैव शून्य. व्याख्येनुसार दोलायमान! माझ्या मते हा सगळ्यात फसवा सापळा.

टोके मोकळी असली (नॉयमन अट) तर वरचा युक्तिवाद जसाच्या तसा उचलू नका. पहिले आयगेनमूल्य (सर्वांत साध्या आकाराच्या कोनीय वारंवारतेचा वर्ग) तिथे ० असते, आणि अवमंदन नसतानाही १ + ट ही बिनदोलनाची उकल हजर.

संगणकावरच्या लहरींचे प्रकरण निराळे. स्पष्ट मध्य-अंतर पद्धतीत (पुढच्या वेळेची किंमत आधीच्या किमतींवरून थेट काढणाऱ्या) कालपायरी गुणिले वेग हे जाळीच्या (गणनेसाठी घेतलेल्या बिंदूंच्या) अंतरापेक्षा मोठे झाले, की कूरांट-फ्रीड्रिक्स-लेवी अट (१९२८) मोडते आणि करवतीसारखे दाते वाढत सुटतात. अट पाळूनही लॅक्स-वेंड्रॉफ ही दुसऱ्या कोटीची रेषीय पद्धत उडीजवळ (किंमत एकदम बदलते तिथे) खोट्या लहरी काढते. उच्च कोटीच्या (पहिल्यापेक्षा वरच्या अचूकता-कोटीच्या) रेषीय पद्धतींना हे टळत नाही, असे सोव्हिएत गणितज्ञ गोदुनोव्हने १९५९ मध्ये सिद्ध केले. शंका आली तर कालपायरी आणि जाळी दोन्ही निम्मी करा. लहरींची लांबीही जाळीबरोबर आखडली, तर त्या पद्धतीच्या आहेत, समीकरणाच्या नाहीत.