पहिला बोअर मारण्याआधी: दूषित जमीन आणि भूजल साफ करण्याची तयारी

ड्रिलिंग मशीन कारखान्याच्या फाटकात यायच्या आधी आजूबाजूच्या विहिरी आणि बोअरची यादी तयार हवी. कोणतं पाणी कोण पितं, किती खोल आहे, पंप दिवसातून किती तास चालतो, एवढं तरी त्यात असू द्या. हे काम सगळ्यात आधी करा, कारण जमीन साफ व्हायला वर्षं लागतात आणि शेजारचा माणूस पाणी आजच पितोय. पिण्याच्या विहिरीबद्दल जराही शंका असेल तर अहवालाची वाट पाहू नका, नमुना घ्या आणि निकाल येईपर्यंत दुसऱ्या पाण्याची सोय करा. ‘उकळून प्या’ असं मात्र कुणाला सांगू नका. उकळल्याने जंतू मरतात, क्रोमियमसारखा धातू जात नाही. पाणी आटलं की त्याचं प्रमाण उलट वाढतं, आणि सॉल्व्हंट (तेल-ग्रीस विरघळवणारं, पटकन उडणारं रसायन) असेल तर ते वाफेबरोबर घरातल्या हवेत येतं.

मग कागद काढा. आजचा ले-आऊट पुरणार नाही, जितके जुने मिळतील तितके नकाशे हवेत: पुरलेल्या टाक्या, शोषखड्डे, बुजवलेल्या मोऱ्या, बंद पडलेले बोअर, भंगाराची जागा. स्टोअरची खरेदीची रजिस्टरंही मागवा. वर्षाला किती सॉल्व्हंट आलं आणि वापरून झालेलं किती बाहेर गेलं, याची वजाबाकी करा. जो फरक उरतो त्यातला काही हवेत उडालेला असतो, उरलेला बहुधा तुमच्या पायाखाली असतो.

नकाशावर जे नसतं ते जुन्या कामगारांना माहीत असतं. एका कामावर आम्ही प्लेटिंग शॉपभोवती, म्हणजे धातूवर मुलामा चढवतात त्या विभागाभोवती, बोअरच्या खुणा करून बसलो होतो. निवृत्त झालेले एक फिटरकाका आले, कॉम्प्रेसर रूमच्या मागे जाऊन उभे राहिले आणि चपलेच्या टोकाने काँक्रीटवर एक रेघ ओढून म्हणाले, “इथं मोरी होती बघा. डिग्रीसिंगची टाकी धुतली की सगळं इथनं जायचं.” डिग्रीसिंग म्हणजे धातूच्या भागांवरचं तेल-ग्रीस सॉल्व्हंटने काढणं. त्या जागेवर पुढे दोनदा फरशी झाली होती. सगळ्यात जास्त आकडा शेवटी तिथेच सापडला. अशा माणसांना बोलवाल तेव्हा सोबत साहेब लोक नेऊ नका, आणि कुणाची चूक होती हे विचारू नका. त्या काळी ती रीतच होती, हे आपणच आधी बोलून टाकावं. माणूस मोकळा होतो.

रसायनांच्या यादीत प्रत्येकाची घनता लिहा. डिझेल, बेंझीन पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या पृष्ठभागावर तरंगतं. ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई, डिग्रीसिंगचं सॉल्व्हंट, पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड, ते पाण्यातून खाली उतरत चिकणमातीच्या थरावर जाऊन साचतं. म्हणून निरीक्षण विहिरीची (पातळी मोजायला आणि नमुने घ्यायला मारलेल्या बोअरची) जाळी, म्हणजे पाणी आत येतं तो भाग, कोणत्या खोलीवर ठेवायची हे रसायन पाहूनच ठरतं. ‘थोडंसंच सांडलं होतं’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल, तेव्हा हा हिशेब जवळ ठेवा: अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर टीसीई सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. ड्रिलरलाही स्पष्ट बजावा की चिकणमाती लागली की थांबायचं. तो थर बेफिकीरपणे भेदला तर वर साचलेल्या विषाला खालच्या चांगल्या पाण्यात उतरायची वाट आपणच करून देतो.

निरीक्षण विहिरी किमान तीन हव्यात आणि त्या एका रेषेत नकोत, नाहीतर पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते कळत नाही. एक प्रवाहाच्या वरच्या बाजूला हवीच, म्हणजे बाहेरून काय येतंय तेही दिसतं. केसिंगच्या, म्हणजे विहिरीत बसवलेल्या पाइपच्या, काठावर पक्की खूण करा आणि तिची उंची सर्व्हेअरकडून मोजून घ्या. दिशा कधीकधी काही सेंटिमीटरच्या फरकावर ठरते. सगळ्या विहिरींची पातळी एकाच दिवशी घ्या, आणि पाणी चढलेलं असताना व उतरलेलं असताना, दोन्ही वेळा.

प्रयोगशाळेला फोन करून एक प्रश्न नक्की विचारा: तुमचं यंत्र किती कमी प्रमाण मोजतं? आमच्या एका अहवालात सगळ्या नमुन्यांपुढे ‘आढळले नाही’ आलं आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तळटीप वाचली तर मोजण्याची मर्यादाच ५० मायक्रोग्रॅम, आणि आम्हाला ५ शोधायचे होते. सगळे नमुने पुन्हा घ्यावे लागले.

उडून जाणाऱ्या रसायनांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या येतात, आत थोडं आम्ल आधीच घातलेलं असतं. कुपी हळूहळू भरायची, आम्ल बाहेर सांडू द्यायचं नाही, आणि पाणी काठावर फुगून उभं राहिलं की झाकण लावायचं. मग उलटी धरून बोटाने टिचकी मारायची. बुडबुडा वर सरकताना दिसला तर ती कुपी टाका, नवी घ्या, कारण रसायन त्या हवेत निसटतं. बर्फाची पेटी तयार असू द्या. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या (क्रोमियमच्या घातक रूपाच्या) बाटलीत आम्ल घालायचं नाही, आणि बफर (नमुन्याची आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) वापरला नसेल तर तपासणी २४ तासांत व्हायला हवी, म्हणून तो नमुना दिवसाच्या शेवटी घेऊन थेट प्रयोगशाळेत न्या.

सुरक्षेत तडजोड नको. जमिनीखालच्या केबल आणि पाइप शोधल्याशिवाय मशीन लावायचं नाही, सुरुवातीचा दीड मीटर हाताने खणायचा, गॅस मोजल्याशिवाय खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. बोअरमधून निघालेली माती आणि उपसलेलं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये, वर तारीख आणि बोअर क्रमांक. गटारात एक बादलीही नाही.

उपाय कोणता हे सगळ्यात शेवटी ठरवा, विक्रेता आधी आला तरी. दूषित माती थोडी आणि उथळ असेल तर खणून नेणं सरळ. वाळूसारख्या जमिनीतून वाफ ओढून काढता येते, चिकणमातीत तिचा उपयोग फारसा होत नाही. जमिनीत सोडलेलं परमँगनेट हे रसायन टीसीई मोडतं, पण जमिनीत क्रोमियम असेल तर त्याला घातक हेक्झाव्हॅलंट रूपात बदलू शकतं, म्हणून आधी आपल्याच मातीवर प्रयोगशाळेत करून बघा. जिवाणूंनी टीसीई मोडायचं असेल तर तपासणीच्या यादीत व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे टीसीई मोडताना मधल्या टप्प्यावर तयार होणारं रसायन, लिहा. प्रक्रिया अर्धवट थांबली तर ते मागे साचतं, आणि त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

पाणी उपसून शुद्ध करायचं ठरलं तर करारात पंप बंद केल्यानंतरची मोजणीही घाला. चिकणमातीत मुरलेलं रसायन हळूहळू परत पाण्यात येतं आणि काही महिन्यांत आकडा पुन्हा चढतो. तेव्हा मोजायला कोण येणार, त्याचे पैसे कुठून येणार, हे आत्ताच लिहून घ्या. विहिरींच्या टोपणांना कुलपं लावा, किल्ल्यांचे दोन जोड करा आणि प्रत्येक किल्लीवर विहिरीचा क्रमांक कोरून घ्या.