बारावी केमिस्ट्री: ऑरगॅनिकची कन्व्हर्शन्स (एका संयुगापासून दुसरं बनवणं) एका कागदावर

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचत बसलं की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात रिएजंटच, म्हणजे त्यासाठी टाकायचं रसायनच, आठवत नाही.

१. जुन्या कॅलेंडरचं पान घ्या, कोऱ्या बाजूला मधोमध इथेनॉल लिहा.
२. पुस्तक बंद ठेवून बाण काढत सुटा. पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट) टाकलं की इथेनाल, ॲसिडिक डायक्रोमेट टाकलं की थेट ॲसिटिक ॲसिड, थायोनिल क्लोराइडने क्लोरोइथेन, आणि मग तिथून परत इथेनॉलकडे कसं यायचं तोही बाण काढा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.
३. जे आठवलं नाही ते पुस्तकातून बघून लाल पेनने भरा. दुसऱ्या दिवशी फक्त लाल तेवढंच बघायचं.

माझ्या पानावर पहिल्या दिवशी निम्मं लालच होतं, चालतं.

फक्त बाणावर कंडिशन लिहायला विसरू नका. क्लोरोइथेनला ॲक्वियस (पाण्यातलं) केओएच, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, दिलं तर इथेनॉल, अल्कोहोलिक (अल्कोहोलमधलं) दिलं तर इथीन. इथेनॉलला कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड दिलं तरी तसंच, ४४३ केल्विनला इथीन आणि ४१३ ला ईथर.