पोराला कॅन्सर निघालाय, मुंबईला न्यायचंय? मग हे वाचा

माझा भाचा सहा वर्षांचा असताना त्याला ब्लड कॅन्सर निघाला आणि ताईसोबत मी परळला टाटाच्या चकरा मारायला लागलो. औषधाचं डॉक्टर बघतात, तिथं आपण डोकं चालवायचं नाही. पण पोराचं आणि घरच्यांचं मन आपल्यालाच सांभाळावं लागतं, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी, पोराशी खोटं बोलू नका. एकदा टॅक्सीत त्यानं विचारलं, "मामा, आज सुई आहे का?" मी म्हटलं नाही रे, नुसतं दाखवून यायचं. आत गेल्यावर कमरेतलं इंजेक्शन होतं. पुढच्या वेळी गडी टॅक्सीतून उतरेचना, दरवाजाची कडी धरून बसला, रडला पण नाही, नुसता माझ्याकडे बघत होता. तेव्हापासून ठरवलं, सुई असेल तर आदल्या रात्रीच सांगायचं, दुखेल पण मी हात धरून बसणार, असं. माहीत नसेल तर "मला नाही माहीत, आपण सिस्टरला विचारू" म्हणायचं. आजाराचं नाव पण घ्या, नाहीतर पोरं वॉर्डातल्या दुसऱ्या पोरांकडून ऐकतातच.

सुई टोचताना साबणाचे फुगे उडवायला द्या, फुंकर मारायच्या नादात श्वास लांब होतो आणि अंग सैल पडतं. घरी जुन्या टेडीला सलाईन लावायचा खेळ खेळू द्या, त्यात तो डॉक्टर आणि तुम्ही पेशंट. आमचा टेडीला जाम ओरडायचा, "हलू नको सांगितलं ना!"

राहायचं-पैशाचं पटकन सांगतो. पहिल्याच दिवशी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटा, लाजू नका. रेशन कार्ड, आधार जवळ ठेवा, उपचाराच्या खर्चाच्या सरकारी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते विचारा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, आणि कॅन्सरच्या लहान पोरांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची सेंटर्स आहेत, फुकट, पण तिथं हॉस्पिटलमार्फतच जावं लागतं. रेल्वेचा फॉर्म पण हॉस्पिटलमधून भरून घ्या, स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला 75 टक्के सूट.

आता जे सगळे विसरतात ते, मागं राहिलेलं भावंड. आमची भाची चौथीत, गावाकडे आजीजवळ. ही ट्रीटमेंट दोन-तीन वर्षं चालते हो, तेवढ्या काळात त्या पोरीला फोनवर फक्त "शहाण्यासारखी राहा, आजीला त्रास देऊ नको" एवढंच ऐकायला मिळायचं. दिवाळीत मी गेलो तर अंगणात भांडी विसळता विसळता म्हणाली, "मामा, मी त्याला बॅट मारली होती, त्यानंच झालं ना त्याला?" सहा महिने हे पोटात घेऊन बसली होती. तर तिला स्पष्ट सांगा, तुझ्यामुळे काही झालं नाही, हा आजार मारल्यानं, रागावल्यानं होत नाही आणि एकमेकांना लागत पण नाही. रोज दहा मिनिटं तिचा वेगळा फोन ठेवा, त्यात भावाचा विषय तिनं काढला तरच काढायचा. एखाद्या सुट्टीत, डॉक्टरांना विचारून, तिला मुंबईला आणा, डोळ्यांनी बघितलं की निम्मी भीती जाते.

आईचं पण बघा. ताई झोपायचीच नाही, नुसती रक्तातल्या पेशींच्या काउंट्सचे रिपोर्ट उलटे-सुलटे वाचत बसायची. आठवड्यातनं एक रात्र दुसऱ्या कुणीतरी पोराजवळ थांबा आणि तिला झोपू द्या. "धीर धर" म्हणण्यापेक्षा डबा आणून दिलेला बरा. फारच घालमेल होत असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आधारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात.

डॉक्टरांनी शाळेला हो म्हटलं की आधी बाईंना एकटं जाऊन भेटा, केस का गेलेत आणि वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर आले तर लगेच का कळवायचं ते सांगा. टोपी घालायची की नाही हे मात्र पोरालाच ठरवू द्या. आमच्यानं दुसऱ्याच दिवशी काढून दप्तरात कोंबली.